मालेगावच्या सिनेमात बायका कुठे होत्या?

आम्ही हिंगण्यातले चार-पाच सिनेमाचे शौकीन. कुणी एमआयडीसीत कामाला, कुणी मास्तर. पाळी सुटली की कुणाच्या तरी घरी जमायचे, सिनेमा पाहायचा आणि चहा थंड होईपर्यंत भांडायचे, हा आमचा जुना रिवाज. 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' २०२५ मध्ये प्रदर्शित झाल्यावर आम्ही मुद्दाम फैझा अहमद खान यांचा २००८ चा माहितीपट, 'सुपरमेन ऑफ मालेगाव', पुन्हा लावला. तो संपल्यावर आतल्या खोलीच्या दारातून आपांनी विचारले, "एवढी पोरे सिनेमा काढतात, त्यांच्यात बाई एकही नाही का?" आम्ही गप्प झालो. मालेगावचे कौतुक करताना हा प्रश्न आम्हांला एकदाही सुचला नव्हता.

कौतुक खोटे नव्हते. १८५७ नंतर उत्तरेतून निघालेली मोमीन विणकर घराणी मालेगाव, भिवंडी, कामठी अशी ठिकठिकाणी स्थिरावली. आमच्या नागपूरच्या मोमीनपुऱ्याचे नाते त्याच वाटेशी आहे. मालेगावात यंत्रमागांची सुटी शुक्रवारी. जुम्म्याची नमाज झाली की कामगारांची पावले व्हिडिओ पार्लरकडे वळायची. अशाच एका पार्लरचा चालक शेख नासिर. परदेशी सिनेमांचे तुकडे जोडून तो पार्लरमध्ये दाखवायचा. संकलन तो असा हातानेच शिकला. २००० साली त्याने सुमारे पन्नास हजार रुपयांत 'मालेगाव के शोले' काढला. गब्बरसिंगचा रबरसिंग झाला, बसंतीची बासमती झाली, आणि डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर आले. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन'च्या वेळी बैलगाडीची क्रेन केली. कॅमेरा पाण्यात पडला तेव्हा मात्र सगळ्यांचे चेहरे उतरले. सुपरमॅन झालेला शफीक शेख यंत्रमागावर काम करणारा काटकुळा पोरगा. तंबाखूविरुद्ध लढणारा हा नायक २०११ साली तोंडाच्या कर्करोगाने गेला.

२००६ आणि २००८ च्या बॉम्बस्फोटांनंतर मालेगावचे नाव वर्तमानपत्रात कशासाठी येई हे आम्हां सर्वांना ठाऊक आहे. अशा गावातली माणसे स्वतःच्या गरिबीवर, गटारांवर, धुळीवर हसत सिनेमा करत होती. आमच्यातले काही जण म्हणतात, ही तर नक्कल. असेल. पण सुपरमॅनला नक्कल करताना दम लागतो आणि त्याला मागाच्या धुळीचे कारण असते, तेव्हा ती नक्कल राहत नाही असे आमचे मत आहे.

मराठी सिनेमाचा इतिहास लिहिणारे मालेगावला त्यात धरत नाहीत. भाषा उर्दूमिश्रित, त्यात खानदेशी ठसका, म्हणून असेल. पण नकाशा उघडून पाहावा. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे आणि मालेगावही त्याच नाशिक जिल्ह्यात. फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली. पत्नी सरस्वतीबाई फिल्मला छिद्रे पाडत आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करत. सिनेमात काम करतो असे सांगायची चोरी, म्हणून माणसांनी 'कारखान्यात जातो' असे सांगायचे. एमआयडीसीत आयुष्य काढलेल्या आम्हांला या थापेची फार गंमत वाटते. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लागला तेव्हा तारामतीची भूमिका साळुंके नावाच्या पुरुषाने केली होती, कारण बाई मिळाली नाही.

म्हणजे आपांचा प्रश्न फाळक्यांनाही लागू होता. फरक पुढे पडला. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई उभ्या राहिल्या. आणि १९२६ साली मुंबईत फातमा बेगम यांनी स्वतःची कंपनी काढून 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला. हिंदुस्थानातली पहिली स्त्री दिग्दर्शक मुस्लिम होती! तिची मुलगी जुबेदा पाच वर्षांनी 'आलम आरा'ची, पहिल्या बोलपटाची, नायिका झाली. हे आम्ही आपांना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग मधल्या पाऊणशे वर्षांत काय झाले?"

याचे सरळ उत्तर आमच्याजवळ नाही. मालेगावात गावातली मुलगी कॅमेऱ्यापुढे येणे शक्य नव्हते, नायिका बाहेरून आणावी लागे. पोरांनी पैशांची अडचण जिद्दीने सोडवली, क्रेनची बैलगाडीने सोडवली. ही अडचण मात्र त्यांनी अडचण मानलीच नाही, जशी आम्हीही मानली नाही. मोहल्ल्याच्या मर्यादेचे कारण आम्ही पटकन पुढे करतो. पण त्याच मर्यादेत नाटक, गाणे, पुरुषांचा सिनेमा, सगळे बसते. जागा कमी पडते ती मुलींपुरतीच.

आणि नियतीचा खेळ पाहा. मालेगावच्या पोरांची कहाणी जगापुढे नेली ती दोन स्त्रियांनी. आधी फैझा अहमद खान यांनी, आणि मग रीमा कागती यांनी. त्यांचा 'सुपरबॉईज' २०२४ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला. हे दोन सिनेमे नसते तर शफीकचा चेहरा आज किती जणांनी ओळखला असता? त्या पोरांचे मूळ सिनेमे तर सीडींवर हातोहात फिरले. सीडी झिजतात, ओरखडतात, हरवतात. मागावर विणलेल्या लुगड्याचा नमुना जपून ठेवणारी घरे आहेत. या सीडी जपणारे एखादे कपाट मालेगावात, निदान नाशिकात, असायला हवे.

आपांची मुलगी, आमची भाची, बारावीला आहे. त्या रात्री ती काही बोलली नाही. दुसऱ्या आठवड्यात तिने मोबाईलवर हिंगण्याच्या बाजाराची पाच मिनिटांची फिल्म आणून दाखवली. चित्र बरे आहे, आवाज सगळा वाऱ्याने खाल्लेला. आम्ही तिला संकलनावर बरेच सल्ले दिले. तिने ते ऐकून घेतले आणि सांगितले की बाजार पुन्हा शूट करायचा आहे, या वेळी चालत्या सायकलवरून. सायकल तीच निवडणार आहे. मागून ढकलायला आमच्यातल्या दोघांना बोलावले आहे.