परसातल्या तारखा

माजलगावात आमच्या घरामागे पंधरा पावले लांब आणि दहा पावले रुंद परस आहे. त्यात एक लिंबोणी, कढीपत्त्याचे एक झाड, तुळस, सदाफुली, शेवगा, आणि भिंतीच्या कडेने आपणहून उगवलेली दगडी पाला, रुई, गाजरगवत ही मंडळी. गेली काही वर्षे सकाळचा तासभर मी तिथे मोबाइल घेऊन उकिडवा बसलेला असतो. शेजारच्या मावशींनी एकदा भिंतीवरून डोकावून विचारलेच, "भाऊ, अळीचे फोटू कशाला काढायलात? झाड खाऊन टाकील की ती."

मी म्हटले, "मावशी, तिचं पुढं फुलपाखरू होतं."

"ते आम्हाला ठावं हाय. त्यात फोटू काय काढायचा?"

प्रश्न साधा वाटला, पण तो पिच्छा सोडेना. जे सगळ्यांना ठाऊकच आहे, त्याची नोंद कशाला करायची? याचे उत्तर शोधताना मी पुण्यातल्या काही मुंग्यांपाशी जाऊन पोहोचलो.

कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी. १८२४ साली दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर त्याची नेमणूक झाली. जमीन, पिके, लोकसंख्या यांच्या जोडीने तो पक्षी, मासे आणि किडेही नोंदवत असे. १८२९ च्या जून महिन्यात पुण्यात सकाळी फिरायला गेला असता त्याला परेडच्या मैदानाजवळ गवताच्या बियांच्या लहान लहान ढिगल्या दिसल्या. प्रत्येक ढिगली मूठभर. वाकून पाहिले तर शेकडो मुंग्या वारुळातून भिजलेले बी वर आणून उन्हात वाळत घालत होत्या.

मुंग्या दाणे साठवतात हे आपल्याकडे कोणत्या आजीला माहीत नव्हते? ग्रीक आणि रोमन लेखकांनीही ते लिहून ठेवले होते. पण युरोपातल्या त्या काळच्या कीटकशास्त्रज्ञांना ही जुनी भाकडकथा वाटे. त्यांच्या थंड मुलखातल्या मुंग्या दाणे साठवीत नव्हत्या, म्हणून जगातली कोणतीच मुंगी साठवीत नसणार, असा त्यांचा हिशेब. साइक्सचे टिपण लंडनच्या कीटकशास्त्रीय संस्थेने छापले आणि त्या हिशेबाला पहिला मोठा तडा गेला. त्या मुंगीला त्याने लॅटिनमध्ये 'प्रोव्हिडेन्स' म्हणजे पुढचा विचार करणारी असे नाव दिले. आजही तिचे शास्त्रीय नाव फायडोले प्रोव्हिडेन्स असेच आहे.

त्याच टिपणात त्याच्या घरातली एक हकीकत आहे. जेवणानंतरची मिठाई व्हरांड्यात एका मेजावर ठेवलेली असे आणि तिला मुंग्या लागत. मेजाचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवले, तरी मुंग्या आल्या. पायांना टर्पेंटाइन फासले, मेज भिंतीपासून दूर सरकवले. थोडे दिवस शांतता, पुन्हा मुंग्या. शेवटी त्याने पाळत ठेवली, तेव्हा दिसले की मुंगी भिंतीवर मेजाहून वर चढते आणि तिथून स्वतःला खाली मिठाईवर टाकून देते. 'मुंगी होऊन साखर खावी' ही आपली म्हण इतकी शब्दशः खरी झालेली मी दुसरीकडे वाचली नाही. या मुंगीचे त्याने ठेवलेले नाव 'इंडेफेसा', म्हणजे न थकणारी.

घरच्या व्हरांड्यातली ही गोष्ट विज्ञानात गेली ती तारीख, जागा आणि डोळ्यांनी पाहिलेला क्रम यांच्या बळावर. आपल्या आजीकडे ज्ञान होते, पण तारीख नव्हती.

पुढे पन्नासेक वर्षांनी याच वाटेने एडवर्ड हॅमिल्टन एटकेन आला. जन्म १८५१, साताऱ्याचा. काही काळ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवून तो मीठ व जकात खात्यात शिरला. 'ईएचए' या आद्याक्षरांनी तो लिहीत असे. 'द ट्राइब्स ऑन माय फ्रंटियर' हे त्याचे पुस्तक १८८३ चे. सरकार वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांशी झुंजत होते, त्या दिवसांत त्याने आपल्या बंगल्याच्या सरहद्दीवरच्या टोळ्यांची हकीकत सांगितली: मुंग्या, पाली, गांधीलमाश्या, बेडूक, वटवाघळे. गावाचे नाव काल्पनिक, डस्टीपूर. धुळीचे गाव! उन्हाळ्यातल्या आमच्या गावांना ते कुठेही शोभेल.

त्याच वर्षी १५ सप्टेंबरला मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. एटकेन त्यांतला एक. बाकीच्यांत दोन मराठी डॉक्टर होते: प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी आत्माराम पांडुरंग, आणि मुंबईच्या औषधी वनस्पतींची यादी १८७९ साली सिद्ध करणारे सखाराम अर्जुन. रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून सखाराम अर्जुन आपल्याला ठाऊक असतात. वनस्पतींचा अभ्यासक म्हणून आपण त्यांची आठवण फारशी ठेवलेली नाही.

हे सारे घडत होते मुंबई इलाख्यात. आमचा बीड जिल्हा निजामाच्या राज्यात. थिओडोर कुक याने १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. इलाख्यात असल्यामुळे सिंध त्यात आले. मराठवाडा मात्र सरहद्दीपलीकडे राहिला. आमच्या बांधावरच्या गवतफुलांना आपला स्वतंत्र ग्रंथ मिळाला तो १९९८ मध्ये, औरंगाबादचे प्रा. वि. ना. नाईक यांनी 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' दोन खंडांत प्रसिद्ध केला तेव्हा. कुकनंतर नव्वद वर्षांनी.

या नव्वद वर्षांत आमच्या तालुक्याचे रूप पालटले. जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्यात सिंदफणेवर माजलगावचे धरण झाले, पैठणहून कालव्याचे पाणी आले, ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. त्याआधी मृगाच्या सरींनंतर लाल मखमली मृगाचे किडे ओंजळभर सापडत, असे मी आज छातीठोकपणे सांगतो. पण ती आठवण आहे. आठवणीला वय चढले की ती फुगते. ओंजळभर म्हणजे किती, कोणत्या साली, कोणत्या रानात, असे कोणी विचारले तर मी गप्प बसतो.

नुसत्या आठवणीवर विसंबले की काय होते, याचा पुरावा माझ्या भिंतीलगत उभा आहे: गाजरगवत. त्याला काँग्रेस गवतही म्हणतात. ते पीएल ४८० करारातल्या अमेरिकन गव्हाबरोबर आले, असे आपण सगळे सांगतो. मीही सांगत असे. पण तो करार ऑगस्ट १९५६ चा आहे. पुण्यातल्या उकिरड्यांवर हे झाड १९५५ सालीच दिसले होते. आर. एस. राव यांनी त्याची नोंद सोसायटीच्या नियतकालिकात १९५६ मध्ये छापली. अमेरिकेचा गहू १९५१ च्या कर्जातूनही येत होता, त्यामुळे गव्हावरचा संशय पुरता फिटत नाही; पीएल ४८० वरचा मात्र फिटतो. उकिरड्यापाशी थांबून एका माणसाने एक झाड नीट पाहिले, म्हणून आज आपल्याला ऐकीव इतिहास दुरुस्त करता येतो.

त्याच गवताची पाने खाणारा, पिवळट अंगावर काळ्या रेघा असलेला एक भुंगेरा पावसाळ्यात माझ्या परसात असतो. तो मूळचा मेक्सिकोचा. गाजरगवत आवरण्यासाठी १९८४ साली तो बंगळूरला मोकळा सोडला गेला. पंधरा पावलांच्या जागेत दोन परदेशी पाहुणे, आणि दोघांच्याही मागे एक एक तारीख.

साइक्स आणि एटकेन यांच्या काळी किडा ओळखायचा म्हणजे तो जाळीने पकडायचा, विषारी बाटलीत मारायचा आणि टाचणीवर लावायचा. आज पाच-सात हजारांच्या मोबाइलने त्याला न मारता त्याचे चित्र ठेवता येते. २०१५ साली महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू केले, तेव्हापासून शाळेतली पोरेही फुलपाखरांचे फोटो काढू लागली आहेत. फोटोची मर्यादाही आहे. कित्येक माश्या आणि पतंग सूक्ष्मदर्शकाखाली अवयव तपासल्याशिवाय ओळखता येत नाहीत. म्हणून पंख वरून आणि खालून, बसलेले झाड, शक्य झाल्यास अळी, असे तीन-चार फोटो घ्यावे लागतात. आणि नाव कळले नाही तरी तारीख व जागा लिहावीच लागते. नाव पुढे कोणीही देऊ शकेल. तारीख मात्र त्याच दिवशी लिहावी लागते.

हे शहाणपण मला उशिरा आले. पहिल्या तीन वर्षांचे फोटो मी व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवले आणि मोबाइल बदलला. मूळ फोटो गेले. उरलेल्या प्रतींवर काढल्याची तारीख नाही. सातशेच्या वर फोटो. रुईवरच्या पट्टेदार अळ्या, मातीचे गाडगे रचणारी कुंभारीण, खंडोबाचा किडा, सगळे सुरेख आणि सगळे बेवारस. त्यानंतर मी शाळेची दोनशे पानी वही आणली.

गेल्या भाद्रपदात सकाळी मावशींनी हाक मारली. "भाऊ, तुमची अळी भिंतीवर चढायली बघा."

कढीपत्त्यावरची ती हिरवी अळी होती. लहानपणी ती पाखराच्या विष्ठेसारखी दिसे. डिवचले की डोक्यामागून लालसर दुभंगलेले शिंग काढून दर्प सोडे. आता कोष करायला जागा शोधत निघाली होती.

"कधी दिसली, मावशी?"

"नळ आला तव्हा."

आमच्या गल्लीत नळ त्या दिवशी सव्वासहाला आला होता. मी वहीत तारीख लिहिली, वेळ लिहिली, भिंत कोणत्या दिशेची ते लिहिले. पाहणाऱ्याच्या रकान्यात मावशींचे नाव लिहिले आणि त्यांना वाचून दाखवले.