बोटीच्या इंजिनातली ठिणगी आणि तिची वेळ

जुलै २०१९ च्या अखेरीस उल्हास नदीच्या पुराने बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेसला वेढा घातला. एनडीआरएफ, नौदल आदी पथकांनी सुमारे एक हजार प्रवाशांची सुटका केली, त्यात रबरी बोटींचा मोठा वाटा होता. अशा बोटींना मागील बाजूस जे सुटे इंजिन अडकवले जाते, तेच आउटबोर्ड मोटर. ठाणे खाडीत आणि कल्याण-डोंबिवलीच्या खाडीकाठी मासेमारीच्या लहान होड्यांनाही हीच मोटर लावतात. दोरी ओढताच ती सुरू होणे किंवा न होणे, हे बऱ्याच अंशी ठिणगीच्या वेळेवर अवलंबून असते.

सिलिंडरमधील इंधन एका क्षणात जळत नाही. म्हणून पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या थोडे आधीच ठिणगी पडावी लागते. हे 'थोडे आधी' क्रँकशाफ्टच्या अंशांत मोजतात. मिनिटाला ८०० फेऱ्या असताना एक सहस्रांश सेकंदात क्रँक जेमतेम पाच अंश फिरतो. ५,००० फेऱ्यांना तेवढ्याच वेळात ३० अंश. वेग वाढताच ठिणगी आधी यावी, अशी व्यवस्था त्यामुळेच असते. जुन्या मोटरींत थ्रॉटल उघडताना फ्लायव्हीलखालील पट्टी फिरते आणि ठिणगी पुढे सरकते.

वेळ चुकली की परिणाम लगेच दिसतात. ठिणगी फार लवकर पडली तर सुरू करताना इंजिन उलटा झटका देते, दोरी हातातून हिसकली जाते. पूर्ण वेगात तर ठोके पडून पिस्टनच्या माथ्याला भोकही पडू शकते. उशीर झाला तर ताकद घटते, इंजिन तापते. पुराच्या प्रवाहाविरुद्ध माणसांनी भरलेली बोट नेताना ही कमी ताकद जिवावर बेतू शकते.

तपासणीची सुरुवात मात्र टायमिंग लाइटने करू नये. इथेच अनेक जण चुकतात. प्रथम स्पार्क प्लग काढून वरच्या सिलिंडरच्या भोकात डायल गेज बसवावा, पिस्टनचे सर्वोच्च टोक शोधावे आणि फ्लायव्हीलवरील खूण काट्यासमोर येते का, ते पाहावे. काटाच सरकलेला असेल तर पुढची सारी मोजणी फुकट. त्यानंतर प्लग लावून, वरच्या सिलिंडरच्या वायरला लाइटचा चिमटा अडकवून मोटर पाण्याच्या टाकीत चालवावी. कोरडी चालवली तर पाणी खेचणारा रबरी पंखा पाहता पाहता जळतो. मोटर गरम झाल्यावर आधी मंद गतीची आणि मग कमाल गतीची खूण तपासावी. फरक आढळल्यास इंजिन बंद करून स्टॉपरचा स्क्रू फिरवावा; उघडे फ्लायव्हील फिरत असताना तेथे हात घालणे म्हणजे बोटे गमावण्याची तयारी. आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेतलाच घ्यावा. पेट्रोलच्या मोटरीचा आकडा केरोसीनच्या मोटरीला लावू नये.

जुन्या पॉइंटच्या मोटरींत फट वाढली की ठिणगी आधी पडते, कमी झाली की उशिरा. त्यामुळे फट नीट केल्याशिवाय टायमिंगला हात लावण्यात अर्थ नाही.

खाडीच्या खाऱ्या पाण्याचा उपद्रव वेगळाच. ग्रीस सुकून आणि क्षार साचून ती फिरणारी पट्टी अडकते. मग थ्रॉटल खाली आणला तरी ठिणगी मागे येत नाही. दुसरा दगा देणारा भाग म्हणजे फ्लायव्हील आणि क्रँकशाफ्टमधील अर्धचंद्राकृती चावी. पंखा दगडावर किंवा जाळ्यात अडकून इंजिन एकाएकी थांबले, तर ती कापली जाऊ शकते. फ्लायव्हील किंचित सरकते, ठिणगी तर दिसते, पण मोटर काही केल्या सुरू होत नाही. अशा वेळी स्क्रू फिरवत बसण्यापेक्षा फ्लायव्हील उतरवून चावी पाहावी.

संगणकीय नियंत्रणाच्या नव्या फोर-स्ट्रोक मोटरींत ठिणगीची वेळ बहुधा हाताने बदलताच येत नाही. तेथे लाइटचा उपयोग वेळ बरोबर आहे की नाही, एवढे पाहण्यापुरता. चूक निघालीच, तर ती सेन्सरमध्ये, वायरिंगमध्ये किंवा त्याच छोट्या चावीत शोधावी लागते.