सोमवारी आवळणारी छाती

हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात गावाच्याच नावाने बाजारात ओळखला जाई. पुढे गावात गिरण्या आल्या, रुईची धूळही आली. खोकणाऱ्या कामगाराला ‘बिडी सोडा’ सांगून मोकळे होणे सोपे असते.

पण दोष धुळीचा की बिडीचा? इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांत १९५०च्या दशकात डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी कामगारांच्या छातीची तक्रार वारानुसार तपासली. ती सुट्टीनंतरच्या सोमवारी जास्त असे. बिडी-सिगारेट तर रविवारीही ओढली जाते! या आजाराला बिसिनोसिस म्हणतात.

समजा, कार्डिंग खात्यात १०० पैकी ३० जणांना त्रास आहे आणि धूळ नसलेल्या खात्यात १०० पैकी १० जणांना. म्हणजे सापेक्ष जोखीम तिप्पट. मात्र बिडी ओढणाऱ्यांची तुलना ओढणाऱ्यांशीच हवी. आणखी एक गफलत होते: ज्यांना दम लागतो ते काम सोडून घरी बसतात. फक्त हजेरीपटावरचे मोजले, तर धुळीची जोखीम खऱ्याहून कमी दिसते.

म्हणून जुना गिरणी कामगार दम लागतो म्हणून आला, की मी आधी विचारतो: कोणत्या खात्यात होता, आणि काम का सोडलं?