सातपुड्याचा हिवताप आणि रक्तातील वारसा

रावेर तालुक्याचा दक्षिण भाग तापीकाठच्या काळ्या मातीचा आणि केळीच्या बागांचा, तर उत्तर भाग पाल गावाच्या बाजूने सातपुड्यात चढत जाणारा असून, त्या डोंगरपट्ट्यात तडवी, पावरा, बारेला या समाजांची वस्ती आहे. हिवताप हा या पट्ट्याचा जुना रोग. ज्या प्रदेशांत हिवताप पिढ्यान्‌पिढ्या नांदला, तेथे रक्तातील काही आनुवंशिक दोष टिकून राहिले, हे विसाव्या शतकाच्या मध्यास संशोधकांच्या ध्यानात आले. त्यामुळे सातपुड्यातील या दोषांचा इतिहास हिवतापापासून वेगळा काढून सांगता येत नाही.

शरीरातील रासायनिक घडामोडींची, म्हणजे चयापचयाची, एखादी पायरी जन्मतःच अडलेली असू शकते, ही कल्पना आर्चिबाल्ड गॅरॉड या इंग्रज वैद्याने १९०८ च्या व्याख्यानांत मांडली. प्रत्येक पायरी एखादे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, पार पाडते. त्या विकराचे जनुक सदोष असले की पायरी खुंटते. असेच एक विकर जी-सिक्स-पीडी. तांबड्या रक्तपेशींना ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून वाचवण्याचे काम त्याच्यावर अवलंबून असते. ते अपुरे असणारा मनुष्य एरवी धडधाकट असतो, परंतु हिवतापावरील प्रायमाक्विन हे औषध पोटात गेले की त्याच्या पेशी फुटू लागतात, लघवी काळपट होते आणि कावीळ दिसते. याचे कारण १९५६ साली अमेरिकेत, इलिनॉय राज्यातील तुरुंगात कैद्यांवर चाललेल्या औषधचाचण्यांतून उलगडले. बंदिवानाच्या संमतीला कितपत अर्थ असतो, हा प्रश्न त्या शोधाला कायमचा चिकटलेला आहे. या विकराचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने दोषाचा त्रास मुख्यतः पुरुषांना होतो आणि मुलाला तो आईकडून मिळतो.

मुंबईत अशा आनुवंशिक रक्तदोषांच्या अभ्यासाची बैठक बसली ती १९५७ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने स्थापन केलेल्या रक्तगट संदर्भ केंद्रामुळे, ज्याचे पुढे के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेत रूपांतर झाले. सी. एस. ईश्वाड आणि एस. एन. नाईक या संशोधकांनी १९८४ मध्ये एका कोळी कुटुंबात जी-सिक्स-पीडी विकराचे नवे रूप नोंदवले व त्यास कल्याणचे नाव दिले. केरळच्या नावाने आधीच नोंदलेले रूप आणि हे रूप एकाच जनुकबदलातून उपजते, असे १९९२ मध्ये सिद्ध झाले. विकराच्या वर्तनावरून केलेले वर्गीकरण जनुकाच्या कसोटीवर किती बदलू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

डोंगरपट्ट्याच्या दृष्टीने मात्र पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांचे काम अधिक जवळचे. हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक बदलामुळे तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, त्या सिकलसेल विकाराचा त्यांनी महाराष्ट्रातील आदिवासी समाजांत दीर्घकाळ अभ्यास केला. डी. पी. लिंगोजवार यांच्यासह २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात भिल्ल, पावरा, माडिया, परधान आणि ओटकर या समाजांत या विकाराचे प्रमाण २० ते ३५ टक्के असल्याचे त्यांनी दाखवले. ही टक्केवारी मुख्यतः वाहकांची, म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असलेल्यांची आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे: आईबाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक अपत्य रुग्ण होण्याची शक्यता चारांत एक असते. आदिवासींचे रक्त घेऊन त्यावरून जमातींची नाती जुळवण्यात मानववंशशास्त्राने बराच काळ घालवला, पण रक्त देणाऱ्याच्या पदरात त्यातून फारसे काही पडले नाही. काटे यांनी सर्वेक्षणाला उपचार आणि समुपदेशन यांची जोड दिली, आणि २०१९ मध्ये त्यांना मिळालेली पद्मश्री या दुसऱ्या कामासाठीही होती, असे मानणे योग्य ठरेल.

जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, आणि चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट ठरले. सिकलसेलच्या चाचणीत जी-सिक्स-पीडीचा दोष मात्र दिसत नाही. त्यासाठी वेगळी चाचणी लागते. व्हायवॅक्स हिवतापाचे जंतू यकृतात दडून राहतात, ते मारण्यासाठी प्रायमाक्विन साधारणपणे १४ दिवस द्यावे लागते, आणि दोष असलेल्यास ते आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, देखरेखीखाली देण्याचा पर्याय जागतिक आरोग्य संघटनेने सुचवला आहे. सातपुड्याच्या पाड्यांवर सिकलसेलसाठी बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबाबरोबर दुसऱ्या चाचणीसाठीही एक थेंब घेतला, तर हिवतापाच्या गोळ्या देणाऱ्या आरोग्यसेवकाला कोणत्या रोग्याबाबत थांबायचे, हे आधीच कळेल.