साक्षीदार फितूर झाला की आरोपीला जामीन मिळतोच का?

खुनाच्या खटल्यात ‘मुख्य साक्षीदार फितूर’ अशी बातमी आली की तिच्याखाली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : आता केस संपली, आरोपी बाहेर येणार. प्रत्यक्षात साक्षीदार फितूर झाल्यावर जामीन द्यावाच, असं कोणताही कायदा सांगत नाही. कधी कधी तर तेच कारण जामिनाच्या आड येतं.

फितूर म्हणजे नेमकं काय?

समजा, परभणी जिल्ह्यात जिंतूर तालुक्यातल्या एका गावात खून झाला. शेजाऱ्याने पोलिसांना सांगितलं, ‘मी मारताना पाहिलं.’ पोलिसांनी जबाब लिहून घेतला. त्यावर साक्षीदाराची सही नसते आणि तो जबाब म्हणजे पुरावाही नव्हे. पुरावा असतो तो कोर्टात शपथेवर सांगितलेला. दोन वर्षांनी परभणीच्या सत्र न्यायालयात हाच शेजारी म्हणतो, ‘मी त्या दिवशी गावातच नव्हतो.’ मग सरकारी वकील न्यायाधीशांची परवानगी घेऊन स्वतःच्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेतात. यालाच फितूर होणं म्हणतात. हा शब्द बातम्यांतला आणि कोर्टाच्या बोलीतला. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 157 मध्ये फक्त अशा परवानगीची तरतूद आहे.

याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, जी बहुतेकांना माहीत नसते. अशा साक्षीदाराची सगळी साक्ष पुसली जात नाही. त्यातला विश्वासार्ह भाग कोर्ट वापरू शकतं.

मग न्यायाधीश काय पाहतात?

सत्र न्यायालय आणि उच्च न्यायालय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 483 खाली जामीन देतात (जुन्या संहितेतलं कलम 439). परभणीत अर्ज फेटाळला गेला तर पुढचा दरवाजा छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाचा आणि त्यानंतर दिल्लीचा.

पहिला प्रश्न असतो : उरलं काय? प्रत्यक्षदर्शी एकच होता आणि तोच फिरला, तर आरोपीची बाजू जड होते. पण मृत्यूपूर्व जबाब, सीसीटीव्ही, रक्ताचे डाग किंवा दुसरा जखमी साक्षीदार असेल तर एकाच्या फिरण्याने फारसं बिघडत नाही. जप्तीचे पंच फितूर होणं तर इतकं नेहमीचं आहे की तेवढ्यावर जामीन मागणं दुबळंच ठरतं.

त्यात न्यायाधीशांची एक अडचण असते. जामिनाच्या टप्प्यावर पुराव्याची बारीक चिरफाड करायची नसते, ते काम निकालाचं. नोव्हेंबर 2024 मध्ये राजस्थानातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की खून, बलात्कार, दरोडा अशा गंभीर गुन्ह्यांत साक्षी सुरू झाल्यावर कोर्टांनी सहसा जामीन अर्जाला हात घालू नये. अपवाद सांगितला तो खटला आरोपीचा दोष नसताना विनाकारण लांबण्याचा.

मालेगाव : एकाच दिवशी दोन निकाल

महाराष्ट्रात हा पेच सर्वांत ठळक दिसला तो मालेगाव स्फोटाच्या खटल्यात. 29 सप्टेंबर 2008 च्या स्फोटात सहा जणांचा जीव गेला. तपास आधी एटीएसकडे होता, नंतर तो एनआयएकडे गेला. एटीएसला जबाब देणारे काही साक्षीदार एनआयएपुढे फिरले. जबाब दबावाखाली घेतला होता, असं त्यांचं म्हणणं होतं. खटला तेव्हा सुरूही झाला नव्हता, त्यामुळे तांत्रिक अर्थाने हे ‘फितूर’ नव्हेत. पण जामिनाच्या दृष्टीने प्रश्न तोच होता.

25 एप्रिल 2017 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने प्रज्ञासिंह ठाकूर यांना जामीन दिला आणि त्याच दिवशी प्रसाद पुरोहित यांना नाकारला. ठाकूर यांच्याविरुद्धचा महत्त्वाचा आधार, म्हणजे भोपाळच्या बैठकीबद्दलचे जबाब, डळमळीत झाला होता. पुरोहितांविरुद्ध मात्र इतर सामग्री उरते, असं कोर्टाला वाटलं. म्हणजे साक्षीदार फिरले ही गोष्ट एकाच खटल्यात एकाला उपयोगी पडली, दुसऱ्याला नाही.

चार महिन्यांनी, 21 ऑगस्ट 2017 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने पुरोहितांनाही जामीन दिला. दोन तपास यंत्रणांच्या दोषारोपपत्रांत मोठ्या विसंगती आहेत, त्या खटल्यातच तपासाव्या लागतील आणि आरोपी आठ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात आहे, असा तो विचार होता. कोण खरं बोलतंय याचा निवाडा कोर्टाने केला नाही. पुढे 323 साक्षीदार तपासले गेले, त्यांतले तीसहून अधिक फितूर झाले आणि 31 जुलै 2025 रोजी सातही आरोपी सुटले. जामीन आणि सुटका यांच्यात आठ वर्षं गेली. पीडितांचे नातेवाईक त्यानंतर उच्च न्यायालयात अपिलात गेले.

साक्षीदाराला धमकावलं असेल तर?

इथे सगळं उलटं फिरतं. आरोपी साक्षीदारांवर दबाव आणेल का, हा जामिनाचा जुनाच निकष आहे. एक साक्षीदार संशयास्पद रीतीने फिरला आणि बाकीच्यांची साक्ष व्हायची असेल, तर सरकारी वकील तीच गोष्ट जामिनाला विरोध करताना मांडतात. जामीन आधीच मिळाला असेल तर तो रद्दही होतो. 2023 मध्ये कर्नाटकातल्या एका खुनाच्या खटल्यात आरोपी बाहेर आल्यावर महत्त्वाचे साक्षीदार आधीच्या साक्षीवरून फिरले. सर्वोच्च न्यायालयाने त्याचा जामीन रद्द केला आणि साक्षीदारांना पुन्हा बोलावण्यास सांगितलं. मात्र नुसता संशय पुरत नाही. धमकीची तक्रार, फोनचे तपशील, असं काहीतरी समोर ठेवावं लागतं.

मधला मार्गही असतो. खटला संपेपर्यंत तालुक्यात पाऊल ठेवायचं नाही, साक्षीदारांशी संपर्क करायचा नाही, ठाण्यात हजेरी द्यायची, अशा अटींवर जामीन मिळतो. आरोपी आणि साक्षीदार एकाच गल्लीत राहतात तिथे ही तालुकाबंदीच खऱ्या कामाची.

महाराष्ट्रात साक्षीदारांच्या संरक्षणाचा कायदा 2017 पासून आहे. नव्या संहितेच्या कलम 398 ने तर प्रत्येक राज्याला अशी योजना बंधनकारक केली आहे. धमकी आली असेल तर साक्षीदाराने साक्षीच्या तारखेची वाट न पाहता त्याआधीच संरक्षणासाठी अर्ज करावा.