पिंपरी ते औरंगाबाद, व्हाया पेनिसिलीन

पुण्याच्या लोकलमधून जाणाऱ्यांना पिंपरीचा ‘एचए’ कारखाना ठाऊक असतो. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ साली ही सरकारी कंपनी निघाली आणि १९५५ पासून इथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. परदेशी बाटल्यांची वाट पाहणे संपावे, हा हेतू.

गंमत म्हणजे पेनिसिलीन नेमके काय करते, हे तेव्हा नीट ठाऊक नव्हते! जंतूभोवती जाळीदार भिंत असते. जाळीच्या धाग्यांना गाठी मारणारी काही एन्झाइम्स असतात. आपण त्यांना गवंडी म्हणू. धाग्याच्या टोकाला अ‍ॅलॅनिनची जोडी असते. पेनिसिलीन दिसायला थेट त्या जोडीसारखे. गवंडी फसून ते पकडतो आणि अडकून बसतो. भिंत अर्धवट राहते, जंतू फुटतो. टिपर आणि स्ट्रॉमिंगर यांनी हे मांडले १९६५ मध्ये.

जंतूही काही कमी नाहीत. पेनिसिलीन तोडणारे एन्झाइम एब्रहॅम आणि चेन यांना १९४० सालीच दिसले होते, म्हणजे औषध बाजारात यायच्या आधी. या कात्र्या पुढे वाढतच गेल्या. एकीला तर आपल्या राजधानीचे नाव चिकटले, एनडीएम. (त्यावरून २०१० मध्ये केवढा गदारोळ झाला!) कात्रीला अडवणारा दुसरा रेणू सोबत द्यायचा, हा नेहमीचा उपाय. ऑगमेंटिनमध्ये तेच असते. एनडीएमपुढे मात्र त्याचे काही चालत नाही.

औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) वोक्हार्टच्या संशोधन केंद्रात महेश पटेल, सचिन भागवत आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. कात्रीच्या मागे लागायचेच नाही, आणखी एका गवंड्याला धरायचे. त्यांचा झिडेबॅक्टम हा रेणू पीबीपी-२ या एन्झाइमला पकडतो, आणि एनडीएमला तो तोडता येत नाही. पीबीपी-२ बंद पडले की दांड्यासारखा जंतू फुगून गोल होतो. सोबत दिलेले सेफेपिम मुख्यतः पीबीपी-३ ला धरते. दोन गवंडी एकदम बसले की भिंत टिकत नाही. मला ही कल्पना फार आवडली.

तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निकाल कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केले. पण पिंपरीचा कारखाना सरकारचा होता, हे औषध खासगी, तेही शिरेतून द्यायचे. जव्हार-मोखाड्याच्या रुग्णाला ते कितीला पडेल? आणि त्याआधी, असा जंतू ओळखणारी लॅब त्याला किती लांब गाठावी लागेल?