गढूळ चहा आणि सेंट लुईसची गोष्ट

मागच्या मे महिन्यात घरून काम चालू होतं आणि पुण्यात पंखासुद्धा गरम हवाच फेकत होता. म्हटलं, घरच्या घरी आइस्ड टी करू. रोजचीच सीटीसी पावडर घेतली, बिनदुधाचा कडक चहा उकळला, साखर घातली, गाळून फ्रीजमध्ये ठेवला. दोन तासांनी पातेलं बाहेर काढलं तर आत पावसाळ्यातल्या मुठेचं पाणी! दुधाचा थेंब नाही, तरी चहा दुधाळ आणि गढूळ. नासला असं समजून मी तो सिंकमध्ये ओतणार, तेवढ्यात आजी म्हणाली, "अरे, टाकतोस काय? गरम कर आणि मला दे."

गॅसवर ठेवला. उकळी यायच्या आधीच चहा पुन्हा लख्ख झाला.

गरम केल्यावर नाहीसा होणारा बग मला सोडवत नाही. म्हणून शोधलं. चहातलं कॅफीन आणि काळ्या चहाला लालसर रंग देणारी थिआफ्लेविन्स गरम पाण्यात सुटी असतात. पाणी गार झालं की ती एकमेकांना धरतात, त्यांचे बारीक कण बनतात आणि चहा गढूळतो. चहाच्या धंद्यात याला 'क्रीम' म्हणतात, आणि आसामच्या चहाची पारख करणारे ते चांगल्या मालाचं लक्षण मानतात. सीटीसीत पान चिरडून, फाडून, त्याची गोळी केलेली असते, त्यामुळे अर्क झटपट आणि भरपूर उतरतो. दूध-आलं घातलेल्या चहाला हे फारच सोयीचं, पण बर्फाच्या ग्लासात तेच नडतं.

इथवर रसायनशास्त्र. खरी पंचाईत पुढे झाली, कारण शोधता शोधता माझीच एक थाप मला सापडली.

ऑफिसात नव्याने आलेल्या मुलांसमोर मी एक प्रेझेंटेशन देतो. त्यात एक स्लाइड आइस्ड टीची. १९०४ साल, अमेरिकेतल्या सेंट लुईसचं जागतिक प्रदर्शन, रणरणतं ऊन. हिंदुस्थानी चहाचा प्रचार करायला आलेले रिचर्ड ब्लेचिंडन गरम चहाचे कप घेऊन उभे, आणि कोणी फिरकत नाही. वैतागून त्यांनी चहात बर्फ घातला, रांग लागली, आइस्ड टीचा जन्म झाला. गोष्ट इतकी बेतशीर आहे की ती तपासून बघावी असं मला तीन वर्षांत एकदाही वाटलं नाही.

आता या प्रदर्शनाच्या पंचवीस वर्षं आधीचं एक पुस्तक बघा. १८७९ मध्ये मॅरियन कॅबेल टायरी यांनी 'हाउसकीपिंग इन ओल्ड व्हर्जिनिया' छापलं. व्हर्जिनियातल्या अडीचशे गृहिणींकडून गोळा केलेल्या पाककृती. त्यात आइस्ड टी आहे, आणि तोही चांगला सविस्तर. साधारण लिटरभर उकळत्या पाण्याला दोन चमचे हिरवा चहा. रात्रीच्या जेवणाला हवा असेल तर सकाळच्या न्याहारीलाच करून ठेवायचा. दुपारी न ढवळता गाळायचा, पुन्हा तसाच ठेवायचा, आणि शेवटी ओतताना तळाचा गाळ भांड्यातच राहू द्यायचा. ग्लासात बर्फ, साखर, वरून चहा, तुरटपणा मारायला लिंबू. ही कृती वाचताना मला हसू आलं. तळाला काय बसतं, ते ढवळलं की काय होतं, हे त्या स्वयंपाकघरात १८७९ मध्ये पक्कं माहीत होतं. तिथे पोचायला मला एक पातेलं चहा आणि अर्धा दिवस लागला.

त्या पाककृती ज्यांच्या नावावर आहेत त्या घरच्या मालकिणी. चौदा वर्षांपूर्वीपर्यंत, म्हणजे १८६५ पर्यंत, व्हर्जिनियातल्या अशा अनेक घरांत चुलीपाशी उभी असायची ती गुलाम माणसं. गाळ न ढवळण्याची युक्ती पहिल्यांदा कोणाच्या हाताला सापडली, हे पुस्तक सांगत नाही.

पुढचे पुरावे भराभर येतात. १८८४ मध्ये मेरी लिंकन यांच्या बॉस्टनच्या पाककृती पुस्तकात थंड चहा आहे. १८९० मध्ये मिसुरी राज्यातल्याच नेव्हाडा नावाच्या गावी जुन्या सैनिकांचा मेळावा भरला, तेव्हा स्थानिक वर्तमानपत्राने ८८० गॅलन आइस्ड टी खपल्याचं छापलं. म्हणजे तीन हजार लिटरांहून जास्त, आणि तेही सेंट लुईसच्याच राज्यात, चौदा वर्षं आधी. प्रदर्शनाला आलेल्या लोकांना बर्फातला चहा बघून धक्का बसला असेल, हे मला तरी पटत नाही.

अडसर चहाचा नव्हताच, होता बर्फाचा. आणि इथे मुंबई येते. बॉस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर हिवाळ्यात तळ्यांवर गोठलेला बर्फ कापून, भुश्यात गुंडाळून जहाजांनी जगभर विकायचा. १८३३ मध्ये त्याचं 'टस्कनी' जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. चार महिन्यांच्या प्रवासानंतर सुमारे १०० टन शिल्लक होता! पुढच्याच वर्षी अमेरिकन बर्फ मुंबईलाही पोचला, आणि पुढे 'सर' झालेल्या जमशेटजी जीजीभॉय यांच्याकडच्या मेजवानीत आइस्क्रीम वाढलं गेलं. गंमत बघा, मुंबईच्या श्रीमंतांना मॅसेच्युसेट्सचा बर्फ मिळत होता तेव्हा आसामचा चहा अजून बाजारातच आला नव्हता. त्याचा लंडनमधला पहिला लिलाव १८३९ चा.

मग ब्लेचिंडन सेंट लुईसला करत काय होते? माझ्या स्लाइडवर हा प्रश्नच नव्हता, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हिंदुस्थानातल्या मळ्यांत चहा गरजेपेक्षा जास्त पिकू लागला आणि भाव पडले. ब्रिटनबाहेर गिऱ्हाईक हवं होतं. अमेरिका मात्र मुख्यतः चीन-जपानचा हिरवा चहा प्यायची. टायरीबाईंची कृतीही हिरव्याचीच. म्हणून मळेवाल्यांच्याच मागणीवरून १९०३ मध्ये कायदा होऊन निर्यातीच्या चहावर उपकर बसला, आणि त्या पैशातून परदेशात प्रचार सुरू झाला. वैतागून सुचलेली युक्ती वगैरे नंतरची सजावट. ब्लेचिंडन यांच्यामागे कायदा आणि पैसा होता. अमेरिकेला आधीच आवडणाऱ्या थंड पेयात आमचा काळा चहा बसवता आला, हेच काय ते त्यांचं यश.

भाव पडले की खर्च कुठे कापला जातो, हे सांगायला नको. छोटानागपूर आणि आसपासच्या मुलखातून करारावर आणलेले मजूर हे मळे चालवत होते. मजुरी वाढवा असा आग्रह आसामचे मुख्य आयुक्त हेन्री कॉटन यांनी धरला, तेव्हा मळेवाल्यांनी त्यांच्याविरुद्ध रान उठवलं. करार मोडून पळालेल्या मजुराला मळेवाल्याने स्वतः पकडावं, वॉरंट लागणार नाही, अशी सोय तेव्हाच्या कायद्यात होती. ती काढली गेली १९०८ मध्ये. सेंट लुईसचं प्रदर्शन १९०४ च्या एप्रिल अखेरीपासून डिसेंबरपर्यंत चाललं. तारखा शेजारी शेजारी ठेवल्यावर मी लॅपटॉप मिटला आणि थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

स्लाइड बदलली. पूर्वी तिच्यावर हसू यायचं, आता येत नाही. एका मुलीने मात्र उपकर म्हणजे नक्की काय, असं विचारलं आणि आम्ही त्यावर दहा मिनिटं बोललो. सांगायला ठरलेले मुद्दे राहून गेले.

चहाचं म्हणाल तर आता मी उकळत नाही. रात्री लिटरभर गार पाण्यात तीन चमचे पानाचा चहा, पावडर नव्हे, घालून फ्रीजमध्ये ठेवतो आणि सकाळी गाळतो. गार पाण्यात अर्क कमी उतरतो, त्यामुळे गढूळपणा जवळपास येत नाही. लिंबू पिळलं की रंग झरकन फिका होतो, तो आंबटपणाचा परिणाम. आजीने एकदा घोटभर चाखला आणि म्हणाली, "सरबत बरं आहे. आता चहा टाक."